सूर्याची जागल

१० मे २०२४ ला अक्षय्य तृतीया होती. आमच्या बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, भेंडवळला, त्या संध्याकाळी दरवर्षीसारखी घटमांडणी झाली. शेतात घट आखायचा, भोवती अठरा प्रकारची धान्यं मांडायची, मधे पाण्याची घागर, घागरीवर पापड, कुरडई, करंजी. मग रात्रभर तिकडे कुणी फिरकत नाही. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या आत कुठला दाणा कुठे सरकला ते पाहून पाऊसपाण्याचं भाकीत सांगतात. त्याच रात्री साडेदहाच्या सुमाराला, दोन दिवसांपूर्वी सूर्यावरून सुटलेले तापलेल्या वायूचे आणि चुंबकत्वाचे लोट एकामागून एक पृथ्वीवर येऊन धडकायला लागले. २००३ नंतरचं ते सगळ्यात मोठं चुंबकीय वादळ. लडाखमध्ये हानलेच्या वेधशाळेतल्या कॅमेऱ्यांनी तांबडं झालेलं आभाळ टिपलं.

जानेफळला आम्हाला काही दिसलं नाही. आमच्याकडे आला तो मोबाईलवरचा निरोप: मंगळावरून निघालेले कॉस्मिक किरण आज पृथ्वीजवळून जाणार, तेव्हा रात्री साडेबारा ते साडेतीन फोन बंद करून लांब ठेवा, नासाने सांगितलंय, बीबीसीने सांगितलंय. हा निरोप जुना आहे. वर्षातून एकदा तरी कुठल्यातरी ग्रुपवर उगवतो, आणि दरवेळी ‘आज रात्री’ असतो. त्या रात्री मात्र तो बरोबर वादळावर येऊन पडला, म्हणून लोकांना खरा वाटला. शेजारच्या शेतकऱ्याने सकाळी विचारलं, “सूर्य असा खवळला म्हणजे ते किरनं जास्तच येत असतीन नं सर?”

हे पुस्तक त्या प्रश्नातून निघालं, असं म्हटलं तरी चालेल. कारण उत्तर उलटं आहे. निरोपात सांगितलेल्या त्या तीन तासांत पृथ्वीवर कॉस्मिक किरण नेहमीपेक्षा कमी पडत होते. ध्रुवांजवळच्या मोजणी केंद्रांवर तर त्यांचा आकडा दहा टक्क्यांहून जास्त खाली गेला होता. सूर्य खवळला की हे किरण घटतात. सूर्य शांत झाला की वाढतात.

आमच्याकडे तूर भरायला लागली की माणसं जागलीला जातात. मळ्यात मचाण बांधायचं, रात्रभर डबा वाजवायचा, रोही आणि रानडुक्कर बांधाबाहेर ठेवायचे. जागल्या दमला, डुलकी लागली, की बांध ओलांडून जनावरं आत. सूर्याचं काहीसं तसंच आहे. तो जोरात असला की बाहेरून येणाऱ्या या कणांना हाकलतो, थंडावला की ते आत घुसतात. फक्त एक फरक ध्यानात ठेवायचा, तो पुढे कामाला येईल: एखादा दांडगा रोही कितीही डबे वाजवले तरी यायचा तो येतोच. अतिशय ऊर्जा असलेल्या कणांना सूर्य अडवू शकत नाही.

आधी नावाविषयी. मराठीत ‘विश्वकिरण’ असा सुटसुटीत शब्द आहे आणि पुस्तकात मी तोच वापरला आहे. पण ते किरण नव्हेत, कण आहेत. दहातले जवळजवळ नऊ हायड्रोजनचे गाभे म्हणजे प्रोटॉन, उरलेल्यांत बहुतेक हेलियमचे, आणि शेकडा एखादा लोखंडापर्यंतच्या जड मूलद्रव्यांचा. अमेरिकेतल्या मिलिकनने १९२५ मध्ये ‘कॉस्मिक रेज’ हे नाव दिलं तेव्हा त्याला हा गॅमा किरणांचा प्रकार वाटत होता. समजूत चुकली, नाव चिकटलं. फुटलेल्या ताऱ्यांच्या अवशेषांत हे कण वेग घेतात, असं आज बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. आकाशगंगेच्या चुंबकक्षेत्रात लाखो वर्षं भटकून, वाट पार विसरून, ते आपल्यापर्यंत येतात. वातावरणावर आपटले की त्यांचा चुरा होतो आणि जमिनीपर्यंत पोचतात ते मुख्यतः म्यूऑन नावाचे कण. हात आडवा धरला तर तळहातातून मिनिटाला शंभरएक जातात. मंगळाचा काही संबंध नाही, आणि रात्री साडेबाराचा तर नाहीच.

सूर्याचा आणि यांचा संबंध आहे का, हा प्रश्न अगदी पहिल्या दिवसापासूनचा. व्हिक्टर हेस हा ऑस्ट्रियाचा शास्त्रज्ञ १९१२ मध्ये फुग्यातून वर वर जात होता, कारण जमिनीतून येतो असं वाटणारा किरणोत्सर्ग वर गेल्यावर कमी व्हायला हवा होता आणि होत नव्हता. ७ ऑगस्टला तो ५,३०० मीटरपर्यंत गेला आणि तिथे किरणोत्सर्ग जमिनीपेक्षा कितीतरी जास्त निघाला. त्याबद्दल १९३६ चं नोबेल मिळालं, हे बहुतेक पुस्तकांत असतं. १९१२ च्याच १७ एप्रिलचं उड्डाण मात्र फार कुणी सांगत नाही. त्या दिवशी सूर्यग्रहण होतं. चंद्र सूर्याला झाकत असताना हेस उपकरणाकडे डोळे लावून बसला. आकडा उतरला नाही. म्हणजे सूर्य हा या किरणांचा उगम नव्हे.

यानंतर पंचवीस वर्षं सूर्य या गोष्टीतून जवळपास बाहेरच होता. तो परत आला एका हिशेबी माणसामुळे. वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेत भूचुंबकत्व विभागात स्कॉट फोरबुश नावाचा संशोधक होता. विश्वकिरणांच्या नोंदी ठेवणारी उपकरणं दूरदूरच्या ठिकाणी बसवलेली होती आणि त्यांचे कागद त्याच्याकडे येत. एप्रिल १९३७ मधल्या चुंबकीय वादळात त्याला दिसलं की अमेरिकेतल्या चेल्टनहॅमला आणि पेरूमधल्या हुआनकायोला, म्हणजे विषुववृत्ताच्या दोन बाजूंना, किरणांचा आकडा एकदमच खाली गेला. हवा बदलली असती तर एका ठिकाणी बदलली असती. दोन्हीकडे एकदम म्हणजे कारण पृथ्वीबाहेरचं. काही तासांत घसरण, मग चार-आठ दिवसांत सावकाश पूर्वपदावर, या आकाराला आज ‘फोरबुश घट’ म्हणतात. फोरबुश तिथेच थांबला नाही. १९३७ ते १९५२ पर्यंतच्या नोंदी त्याने ओळीने लावल्या आणि १९५४ मध्ये दाखवून दिलं की सौरडागांच्या अकरा वर्षांच्या चक्राबरोबर हे किरणही वरखाली होतात, मात्र उलट्या दिशेने. डाग जास्त तर किरण कमी.

या माणसाविषयी मला विशेष आदर आहे, आणि पुस्तकातही तो लपलेला नाही. त्याच्याकडे नवं यंत्र नव्हतं, मोठा सिद्धांत नव्हता. त्याने नोंदी नीट ठेवल्या, फेकल्या नाहीत, आणि त्यांतली चूक काय नि खरं काय हे चाळणीने चाळलं. ही चाळणी केवढी बारीक असावी लागते याचं एक उदाहरण. जॉन सिम्पसनने १९४८ मध्ये न्यूट्रॉन मॉनिटर बनवला. शिशाच्या जाड कड्या, आत वायूच्या नळ्या. वरून आलेला कण शिशावर आदळला की न्यूट्रॉन उडतात, ते नळीत मोजायचे. यंत्र भक्कम, वर्षानुवर्षं चालणारं. पण डोक्यावरच्या हवेचा दाब एक मिलिबारने उतरला की मोजणी सुमारे ०.७ टक्क्याने वाढते, कारण वाटेत अडवणारी हवा कमी झाली. वळवाच्या वादळात किंवा कमी दाबाच्या पट्ट्यात दाब दहा मिलिबारने पडला तर मोजणी सात टक्के चढली. एवढ्यात तर एक चांगली फोरबुश घट बुजून जाईल. म्हणून प्रत्येक आकड्याशेजारी वायुभारमापकाचा आकडा लिहायचा आणि मगच सूर्याविषयी तोंड उघडायचं.

आमच्या भेंडवळच्या मांडणीबद्दल मला कुणी विचारलं की मी एवढंच म्हणतो: मांडणी तीनशेहून जास्त वर्षांची सांगतात, तेवढ्या वर्षांची भाकितं आणि तेवढ्या वर्षांचा पाऊस शेजारी शेजारी लिहिलेली एक वही असती तर काय बहार आली असती.

‘सूर्य हाकलतो’ म्हणजे नेमकं काय करतो, यावर दोन घराणी आहेत आणि नव्या वाचकाने त्यांची ओळख करून घेतली की या विषयातलं निम्मं धुकं जातं. पहिलं घराणं युजीन पार्करचं. सूर्याच्या बाहेरच्या थरातून सतत एक वारा वाहतो, असं त्याने १९५८ मध्ये गणिताने मांडलं. परीक्षकांनी लेख नाकारला. नियतकालिकाचे संपादक होते सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. त्यांनी गणित तपासलं, चूक सापडली नाही, आणि परीक्षकांना बाजूला सारून लेख छापला. चार वर्षांनी मरिनर-२ या यानाने हा सौरवात प्रत्यक्ष मोजला. सेकंदाला साधारण ४०० किलोमीटर वेगाने तो वाहतो आणि सूर्याचं चुंबकक्षेत्र बरोबर ओढत नेतो. सूर्य फिरत असल्यामुळे त्या क्षेत्राला चक्रीचा आकार येतो. विश्वकिरणांना आत यायचं म्हणजे या वाऱ्याच्या उलट, वाकड्यातिकड्या चुंबकरेषांना धडकत यायचं. शेगावला प्रगटदिनाला दर्शन घेऊन बाहेर लोटणाऱ्या गर्दीतून कुणी उलटं आत शिरत असेल, तर तो धक्के खात, दोन पावलं पुढे एक पाऊल मागे करत जाईल आणि पोचेपर्यंत दमलेला असेल. कणांचंही तेच होतं. आत येता येता ते ऊर्जाही गमावतात. सूर्य जोरात असला की गर्दी जास्त आणि रेटारेटी जास्त.

दुसरं घराणं जोकिपी आणि त्याच्या सहकाऱ्यांचं, १९७७ चं. त्यांचं म्हणणं, नुसती रेटारेटी नाही, चुंबकक्षेत्रात वाटाही आहेत. कण ठरावीक बाजूने वाहत जातात आणि ती बाजू सूर्याचे ध्रुव कुठल्या दिशेला आहेत यावर ठरते. दर अकरा वर्षांनी सूर्याचे चुंबकीय ध्रुव उलटतात, म्हणजे खरं चक्र बावीस वर्षांचं. पुरावा आलेखातच होता: एका चक्रात किरणांचं शिखर टोकदार येतं, पुढच्यात सपाट, मग पुन्हा टोकदार. पहिल्या घराण्याला हे समजावता येत नव्हतं. आज दोन्ही मतं एकत्र नांदतात. सूर्य शांत असताना वाटांचं जास्त चालतं, खवळला की रेटारेटीचं. पण कुठे एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू होतं, यावरून वाद अजून होतात, आणि ते मी पुस्तकात मिटवलेले नाहीत.

या सगळ्या खटाटोपाला कुंपण कुठवर आहे, ते मात्र आता ठाऊक आहे. २५ ऑगस्ट २०१२ ला व्हॉयेजर-१ हे यान सूर्य-पृथ्वी अंतराच्या सुमारे १२१ पट लांब गेलं होतं. तिथे सूर्याचे कण एकदम नाहीसे झाले आणि विश्वकिरण वाढून स्थिर झाले. बांध ओलांडला होता. ४०० च्या वेगाने सौरवाताला तिथवर जायला सव्वा-दीड वर्ष लागतं. म्हणून सौरडागांचा आकडा बदलला तरी किरणांचा आकडा लगोलग बदलत नाही, काही महिने मागे रेंगाळतो.

आता आपल्याकडचं.

मराठी वाचकाला हा विषय परका वाटतो, पण तो आपल्या अंगणातून गेलेला आहे. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. १ आणि २ सप्टेंबर १८५९ ला इतिहासातलं सगळ्यात गाजलेलं सौरवादळ आलं तेव्हा युरोपातल्या कितीतरी उपकरणांचे काटे कागदाबाहेर गेले. कुलाब्याची नोंद टिकली. क्षेत्र सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने पडल्याचं तीत दिसतं, आणि २००३ मध्ये त्या वादळाचा जोर नव्याने काढला गेला तो याच आकड्यांवरून. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर चुंबकसुया बिथरतील म्हणून १९०४ मध्ये वेधशाळा अलिबागला हलवली. तेव्हाचे संचालक नानाभॉय मूस. त्यांनी एक गोष्ट फार शहाणपणाने केली: १९०६ पर्यंत कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी चालू ठेवल्या, म्हणजे जुनी मालिका आणि नवी मालिका सांधता यावी. शंभर वर्षांनंतरचा माणूस आपली वही उघडेल, याची जाण त्या दोन वर्षांत आहे. अलिबागला गेलात तर समुद्रकिनाऱ्याबरोबर हेही बघा, असं मी प्रत्येकाला सांगतो. बहुतेक जण किल्ला बघून परत येतात.

होमी भाभा या क्षेत्रात आले ते केंब्रिजला असताना. हवेत कणांचा वर्षाव कसा तयार होतो, हे त्यांनी हाइटलर या भौतिकशास्त्रज्ञाबरोबर १९३७ मध्ये गणिताने दाखवलं. १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था बंगळुरात सुरू झाली आणि त्याच वर्षी मुंबईला आली; तिच्या सुरुवातीच्या वर्षांत विश्वकिरण हाच मुख्य विषय होता. विक्रम साराभाईंचा कल वेगळा. भाभांना कण हवा होता, साराभाईंना त्याचे दिवसरात्रीचे चढउतार. १९४७ मध्ये त्यांनी केंब्रिजची पदवी घेतली ती उष्ण कटिबंधातल्या विश्वकिरणांवर, आणि लगेच अहमदाबादला भौतिकी संशोधन प्रयोगशाळा काढली. तेव्हा अहमदाबाद मुंबई इलाख्यातच होतं. दिवसाच्या ठरावीक वेळी किरण अगदी थोडे वाढतात, टक्क्याच्या भागांनी. त्यातून सूर्याबरोबर फिरणाऱ्या चुंबकक्षेत्राचा माग लागतो. यानं अवकाशात जायच्या आधी अवकाशातलं हवामान जमिनीवरून ओळखायची ही रीत. भारताच्या अवकाश कार्यक्रमाचा जनक म्हणून साराभाईंचं नाव घेताना त्यांची सुरुवात या टक्क्याच्या भागांतून झाली, हे विसरायला होतं.

टाटा संस्थेतल्या आणखी एका जोडीवर पुस्तकात मी बराच रेंगाळलो आहे. बर्नार्ड पीटर्स हे ओपेनहायमरचे विद्यार्थी. अमेरिकेत डाव्या विचारांच्या संशयावरून त्यांना जगणं नकोसं झालं आणि १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ते मुंबईला आले. इथे त्यांना देवेंद्र लाल हा तरुण भेटला. विश्वकिरण हवेतल्या नायट्रोजन, ऑक्सिजन आणि आर्गॉनला फोडतात तेव्हा नवे किरणोत्सर्गी अणू तयार होतात. ते शोधायचे कुठे? पावसात. या गटाने पावसाचं पाणी गोळा केलं आणि त्यात किरणोत्सर्गी गंधक आणि फॉस्फरस शोधून काढले. तिथून ते बेरिलियम-१० कडे गेले. समुद्रतळाच्या गाळात, बर्फात, दगडात साठणारा हा अणू १३ लाख ९० हजार वर्षांनी निम्मा होतो. म्हणजे विश्वकिरणांचा पाऊस कधी जास्त होता, कधी कमी, याची वही निसर्गानेच ठेवली होती. ती वाचायची लिपी घडवणाऱ्यांत ही मुंबईची जोडी पहिल्या रांगेत आहे.

ही वही उघडल्यावर सूर्याचा इतिहास दुर्बिणीच्या मागे गेला. १६४५ ते १७१५ या सत्तर वर्षांत सूर्यावर डाग जवळपास नव्हतेच. सिंदखेडराजाच्या जिजाऊंचा मुलगा १६७४ मध्ये रायगडावर छत्रपती झाला, तेव्हा सूर्य असा निवांत होता. त्या काळात वाढलेल्या झाडांच्या वलयांत कार्बन-१४ जास्त सापडतो, ध्रुवांच्या बर्फात बेरिलियम-१० जास्त सापडतो. जागल्या झोपला होता, जनावरं आत आली होती. आणि २०१२ मध्ये जपानच्या फुसा मियाके यांना झाडांच्या वलयांत इसवी सन ७७५ च्या सुमाराला एकाच वर्षात कार्बन-१४ सुमारे सव्वा टक्का उडालेला दिसला. एवढी उडी अकरा वर्षांच्या चक्राने येत नाही. बहुतेकांच्या मते हा सूर्याचाच मारा.

म्हणजे जागल्या कधीकधी स्वतःच दगड मारतो. शेजाऱ्याला मी दिलेलं उत्तर अर्धवट होतं, ते इथे पुरं करतो. मोठ्या स्फोटात सूर्य स्वतःचे कणही फेकतो, आणि त्यांतले सगळ्यात वेगवान कधीतरी जमिनीवरच्या यंत्रांपर्यंत पोचतात. ११ मे २०२४ ला, आपल्याकडे सकाळचे सात वाजत असताना, असंच झालं: घसरलेल्या आलेखावर छोटा उंचवटा. तो उंच अक्षांशांवरच्या केंद्रांवर दिसला, भारतात नाही. पृथ्वीचं चुंबकत्व विषुववृत्ताजवळ सगळ्यात कडक दार लावून बसतं. दक्षिण भारतात सुमारे १७ अब्ज व्होल्टचा उंबरठा ओलांडल्याशिवाय कणाला आत यायला मिळत नाही. जगात एवढा उंच उंबरठा फार थोड्या ठिकाणी आहे. तो ओलांडणारे कण म्हणजे ते दांडगे रोही, सूर्याला फारसे न जुमानणारे. म्हणून सूर्याच्या अकरा वर्षांच्या चढउताराने फिनलंडला आकडा वीसएक टक्के हलत असेल तर आपल्याकडे थोडकेच टक्के हलतो.

हा तोटा आणि फायदाही. उटीला टाटा संस्थेची ग्रेप्स-३ प्रयोगशाळा आहे. दोन मीटर जाडीच्या काँक्रीटखाली ३,७१२ नळ्या, ५६० चौरस मीटरवर पसरलेल्या, म्यूऑन मोजत असतात. यंत्र एवढं मोठं असल्याने टक्क्याचा बारीक अंशही पकडता येतो. २२ जून २०१५ ला सौरवादळ आलं आणि घट सुरू असतानाच तिथे दोन तास किरण वाढले. वादळाने पृथ्वीचं चुंबकीय कुंपणच दाबलं, उंबरठा थोडा खाली आला आणि एरवी अडणारे आत आले, असा त्यांनी अर्थ लावला. जागल्याने जनावरं हाकलता हाकलता कुंपणावरच पाय दिला. माझी उपमा इथवर ताणली, यापुढे ताणत नाही.

हे आत्ताच का वाचायचं? सूर्याचं चालू चक्र, पंचविसावं, २०२४ च्या अखेरीला शिखरावर गेलं. आता उतार लागला आहे, म्हणजे येती काही वर्षं किरण वाढत जातील. याआधी २००९ च्या सुमाराला सूर्य इतका शांत झाला की अवकाशयुगात मोजलेला किरणांचा सगळ्यात मोठा आकडा तेव्हा नोंदला गेला. विमानं, उपग्रह आणि खिशातल्या चिपा तेव्हापेक्षा आज कितीतरी जास्त आहेत. चिपेतल्या एका कप्प्यात एक कण घुसला की शून्याचा एक होऊ शकतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये एअरबसने ए-३२० जातीच्या सुमारे ६ हजार विमानांना सॉफ्टवेअर बदलायला सांगितलं ते सौर प्रारणाने उड्डाणाची माहिती बिघडू शकते म्हणून. आपल्याकडच्या विमान कंपन्यांचीही त्या शनिवार-रविवारी धावपळ झाली. मंगळाला माणूस पाठवायचा तर तो सूर्य शांत असताना पाठवावा की खवळलेला असताना? शांत असताना विश्वकिरणांचा मार जास्त, खवळलेला असताना अचानक वादळाची भीती. भारताचं आदित्य-एल१ यान जानेवारी २०२४ पासून सूर्यावर नजर ठेवून आहे. त्यावरची अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेने बनवली.

एका वादाला मी पुस्तकात हात घातला आहे, आणि त्यात माझं मत लपवलेलं नाही. १९९७ मध्ये डेन्मार्कच्या स्वेन्समार्क आणि त्यांच्या सहकाऱ्याने मांडलं की विश्वकिरण वाढले की ढग वाढतात, म्हणजे सूर्य किरणांच्या मार्गाने पृथ्वीचं तापमान हलवतो. कल्पना देखणी आहे. सर्न या युरोपातल्या प्रयोगशाळेत ‘क्लाउड’ नावाच्या टाकीत हवा कोंडून तिच्यावर कणांचा मारा करून पाहिला. सूक्ष्म कण बनायला थोडी मदत होते, पण ढग आणि हवामान हलवण्याएवढी नाही, असाच आजवरचा निष्कर्ष आहे. शिवाय गेल्या अर्धशतकात किरण अकरा वर्षांनी वरखाली होत राहिले, तापमान मात्र वरच चाललं आहे. विदर्भात हा प्रश्न पावसाकडे वळतो: सौरडागांवरून मृगाचा अंदाज सांगता येईल का? हे काम गिल्बर्ट वॉकर यांनी भारतातल्या वेधशाळांचे प्रमुख असताना करून पाहिलं. डाग आणि पाऊस यांचं नातं फार क्षीण निघालं. मग ते पॅसिफिककडे वळले आणि एल निनोचं आकाशातलं अर्धं अंग त्यांच्या हाती लागलं. न सापडलेल्या गोष्टीचा हिशेबही असा छापून ठेवावा लागतो.

या पुस्तकात समीकरणं तीनच आहेत आणि तीही टाळून पुढे जाता येईल. कण-भौतिकीचा मोठा भाग मी सोडला. म्यूऑन, पायॉन कसे सापडले याची पुस्तकं आहेत, ती वाचावीत. सूर्य आणि किरण यांच्या संबंधावरच बोट ठेवलं आहे, आणि प्रत्येक ठिकाणी ‘हे कळलं कशावरून’ हे सांगण्याचा आग्रह धरला आहे. न्यूट्रॉन मॉनिटरांचे आकडे आज इंटरनेटवर कुणालाही फुकट बघता येतात. मे २०२४ चा आलेख स्वतः काढून पाहिला तर तो निरोप पुढे पाठवायला हात धजणार नाही.

शेवटचं प्रकरण लोणारचं आहे. आमच्या मेहकर तालुक्याला लागून असलेल्या लोणारचं सरोवर उल्कापाताने झालं, याबद्दल आता वाद नाही. वाद वयाचा आहे. आघाताने वितळलेल्या काचेतल्या आर्गॉनवरून वय निघालं सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं. जपानच्या गटाने तिथल्या खडकात विश्वकिरणांनी तयार झालेलं बेरिलियम-१० आणि अॅल्युमिनियम-२६ मोजलं, म्हणजे लाल आणि पीटर्स यांच्याच लिपीत वाचलं, तेव्हा वय निघालं सदतीस-अडतीस हजार. पंधरा पटींचा फरक. खडक उघडा पडून किती काळ गेला तेवढंच किरण सांगतात. वरचा थर झिजून गेला असेल तर आधीची पानं फाटलेली. की काचेचं घड्याळच जुन्या खडकातल्या आर्गॉनमुळे पुढे पळालं? दोन्ही बाजू जशा आहेत तशा मांडल्या आहेत.

असा दगड उचलताना आधी त्याची वरची बाजू कोणती आणि दिशा कुठली, याची खूण करून मगच त्याला हात लावतात, कारण आभाळाकडे तोंड असलेल्या अंगावरच किरणांनी जास्त लिहिलेलं असतं. हे लिहिताना माझ्या कागदांवर वजन म्हणून जो काळा दगड आहे, तो आमच्या वावराच्या बांधावरचा. कितीदा नांगराखाली उलटला, कितीदा कुणी उचलून बांधावर फेकला, आणि वरची बाजू कोणती, ते आता तोही सांगू शकणार नाही.

जानेफळ, ता. मेहकर, जि. बुलढाणा